भाकर टाकू काऽऽ?

आमच्या लॉजवर किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. गमबुटांवरच्या चिखलासारखे. आज झाडले तरी उद्या तेवढेच! बाकीच्या ठिकाणी म्हणे साहेबांचे किस्से असतात, कँटीनचे असतात, कुणाचं कुणाशी जमलं त्याचे असतात. आमचा प्रत्येक किस्सा एकाच वाक्याने सुरू होतो, "अगं, माझी तर पाचावर धारण बसली!"

त्यात मी मुळातच भित्री. पाल दिसली तर उतू जाणारं दूध सोडून अंगणात पळणारी बाई मी. आणि नोकरी कुठे, तर शिकारी लॉजच्या किचनमध्ये! माझा नवरा दत्ता म्हणतो, "तू किस्से सांगतेस का लोकांना घाबरवतेस, तेच कळत नाय." मी म्हणते, मला वाटते ती भीती थोडी तुम्हीही घ्या की, एकटीने किती वाहायची?

*

आधी लॉज म्हणजे काय ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल आम्ही खरोखर बंदुका घेऊन फिरतो.

आमच्या शेठची उलव्याकडची जमीन सरकारच्या विमानतळात गेली, हातात पैसा आला आणि शेठ विलायतेच्या टूरवर गेले. तिथे त्यांना कुणीतरी फेझंटच्या शिकारीचा लॉज दाखवला. फेझंट म्हणजे लांब शेपटीचा, रंगीबेरंगी रानकोंबडाच म्हणा. तिथले साहेब लोक टोप्या घालून उभे राहतात, गडी माणसं झुडपं झोडपत आरडाओरडा करत येतात, पक्षी उडतात, साहेब गोळ्या घालतात आणि मग शेकोटीजवळ बसून जेवतात. शेठ परत आले ते विमानतळावरूनच फोन करत, "सुरेखा, आपल्या नेऱ्याच्या फार्महाऊसवर पण असंच करायचं!"

"शेठ, आपल्याकडे शिकारीला बंदी आहे," मी म्हटलं.

"तं मग पक्षी पिंजऱ्यात बघायला ठेवू, आन् गोळी मातीच्या बशीवर!"

झालं. डोंगराच्या पायथ्याला शेठचा माळ होता, त्यावरचं गवत कापायचं बंद केलं. ते पुरुषभर वाढलं. पाहुण्यांना टोप्या, गमबूट आणि छऱ्याच्या बंदुका. माळाच्या टोकाला बशा उडवायचं मशीन. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हाका. आमची माणसं रांगेने गवतात शिरतात, काठ्यांनी गवत झोडपत, ओरडत खाली ओढ्यापर्यंत जातात आणि तिथून वळून वर येतात. मग बशा उडतात. हाकाऱ्यांचा म्होरक्या माझा दत्ता.

हाक्याचा एक नियम आहे. वाडीवरचे काळूराममामा, वयाने सगळ्यांत मोठे, त्यांनी पहिल्याच दिवशी घालून दिलेला. ज्याने त्याने आपापली आरोळी ठोकत राहायचं. गवतात कोणी कोणाला दिसत नाही, आवाजावरूनच कळतं. "जो वरडतो तो बरा हाय. जो गप झाला, त्याच्यासाठी सगल्यांनी थांबायचं," मामा म्हणाले.

दत्ताची आरोळी "हो हो हो हाऽऽय!" ती किचनमध्ये ऐकू येते. रांग ओढ्यापाशी वळली की मी खिडकीतून विचारते, "भाकर टाकू काऽऽ?" आणि तो तिकडून ओरडतो, "टाऽऽक!" पाहुणे वर येईपर्यंत गरम भाकऱ्या तयार. पाहुण्यांना वाटतं केवढं हे प्लॅनिंग! मला मात्र तेवढ्या एका 'टाक'साठी जीव मुठीत धरून उभं राहावं लागतं. दत्ता त्या गवतातून धडधाकट बाहेर यावा, बस्स. बाकी लॉज उद्या बंद पडला तरी मी पेढे वाटीन.

*

पहिल्याच बॅचला एक जाडजूड जॅकेटवाले साहेब आले होते. ऑक्टोबरातलं पनवेलचं ऊन, आणि हे लोकरीच्या जॅकेटात! घामाने नुसते निथळत होते. बंदूक भरून खांद्याला लावून तयार. तेवढ्यात मी चहाचा ट्रे घेऊन मागून गेले.

साहेबांनी मान वळवली. मानेबरोबर ते वळले. त्यांच्याबरोबर बंदूक वळली.

शेठ आडवे. मॅनेजर सावंत आडवे. साहेबांची बायको खुर्चीमागे. नळी जिकडे फिरेल तिकडची माणसं खाली! शेवटी नळी येऊन थांबली ती बरोबर माझ्या ट्रेसमोर. मला आडवंही होता येईना, हातात सगळे कप!

"साहेब, नळी खाली! चहा देते, पण नळी खाली करा!"

साहेब शांतपणे म्हणाले, "मावशी, साखर कमी आहे ना?"

*

हे मॅनेजर सावंत म्हणजे हॉटेल मॅनेजमेंट शिकून आलेले, अतिशय सज्जन, आणि माझ्याहून भित्रे. त्यांच्यामुळे मला या नोकरीत जरा धीर वाटतो.

गमबूट शेडमध्ये ओळीने ठेवलेले असतात. रोज सकाळी काळूराममामा प्रत्येक बूट काठीने ठोकून, उलटा करून बघतात. विंचू असतो, कधी सापाचं पिल्लू असतं. एका सकाळी मामांनी एक बूट ठोकला आणि बूट घुरघुरला! मामा दोन पावलं मागे सरले. बूट थांबला. परत घुरघुरला आणि चक्क जागचा हलला.

"घोणस हाय," मामा म्हणाले. "ती अशीच आवाज करते."

सावंत टेबलावर. मी त्यांच्या आधी टेबलावर. पाहुणे व्हरांड्यात. सावंत म्हणाले, "पनवेलच्या सर्पमित्राला फोन लावा! माझा मोबाइल सकाळपासून सापडत नाहीये!" दत्ताने लावला. सर्पमित्र मोटारसायकलवरून आला, लांब आकडी काढली, सगळ्यांना गप्प केलं. श्वास रोखून आम्ही बघतोय. बूट घुरघुरतोच आहे, थांबतोय, घुरघुरतोय. भलतीच चिडलेली दिसत होती!

त्याने हळूच बूट उलटा केला. आतून सावंतांचा मोबाइल पडला.

फोन शेठचा होता. सावंतांनी टेबलावरून उतरून उचलला. पलीकडून शेठ ओरडले, "कवापासून फोन करतोय! कुठे मेलास काय?"

*

आता हसून झालं असेल तर पुढचं ऐका. पुढच्यात हसण्यासारखं थोडंच आहे.

फेझंट आले. रीतसर कागदपत्रांसकट, मोठ्या जाळीच्या पिंजऱ्यात. दिसायला देखणे, पण अक्कल जरा कमीच. रोज सकाळी दाणा घालायला मी आणि मामा जायचो, तर आमची चाहूल लागताच कलकलाट करायचे.

एक दिवस कलकलाट झाला नाही. पक्षी सगळे जिवंत होते, पण एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसले होते. चोचीतून आवाज नाही. दुसऱ्या बाजूची जाळी आत दबली होती. नळाखालच्या ओल्या मातीत ठसे होते.

सावंतांना बोलावलं. त्यांनी वाकून एका ठशावर मूठ ठेवून बघितली. त्यांची आख्खी मूठ ठशाच्या आत मावली. मग त्यांना हात उचलताच येईना. मामांनी धरून उभं केलं.

"बिबट्या?" मी विचारलं.

"त्याचं नाव नको घेऊस," मामा म्हणाले.

शेठना कळवलं. मला वाटलं आता हाका बंद होणार. देव पावला! शेठ धावत आले, ठसा बघितला आणि म्हणाले, "ह्याच्याभवती कुंपण घाला! पावण्यांना दाखवू." दुसऱ्या दिवसापासून पाहुणे ठशाबरोबर सेल्फी काढायला लागले.

त्या दिवशी मी दत्ताला म्हटलं, "हाका सोडा. किचनमध्ये या, लसूण सोला, काहीही करा. त्या गवतात जाऊ नका."

दत्ता हसला. "अगं, त्याला आवाज नको असतो. आमी वरडत असतो तवर तो जवळ येत नाय. गप झालो तं भीती. मी कधी गप बसतो का?"

हे मात्र खरं होतं. लग्नापासून हा माणूस गप बसलेला मी पाहिला नव्हता.

*

एका पाहुण्याने जेवणाचा व्हिडिओ टाकला, 'आज आम्ही रानात शिकार करून खाल्ली!' तिसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळेला वनखात्याची जीप दारात.

आमच्या मेनूत 'लॉज स्पेशल फेझंट' लिहिलेलं असतं. ते म्हणजे बाजारातला गावठी कोंबडा, माझ्या हातच्या वाटणात. हे मला माहीत, शेठना माहीत. सावंतांना कुणी सांगितलंच नव्हतं! ते बिचारे रोज पाहुण्यांना त्या पक्ष्याचं मांस कसं मऊ असतं ते समजावून सांगायचे.

वनरक्षकाने विचारलं, "काय शिजवलं होतं?"

"गावठी कोंबडा, साहेब," मी म्हटलं. भीत भीत, पण खरं तेच.

"नाही, नाही," सावंत ताठ उभं राहून म्हणाले, "आमच्याकडे फसवाफसवी नसते. ओरिजिनल जंगली फेझंट!"

शेठनी तिथेच डोक्याला हात लावला. मग मी आदल्या रात्रीच्या पातेल्यातली उरलेली तंगडी आणून दाखवली, पिंजऱ्यातले फेझंट एकूण एक मोजून दाखवले, कोंबडीवाल्याला फोन लावून दिला. वनरक्षकाची खात्री पटली. जीप गेली. सावंत व्हरांड्यात बसून रडायच्या बेताला आले होते.

"सुरेखाताई, म्हणजे इतके दिवस मी खोटं बोलत होतो?"

जाता जाता तो वनरक्षक मला बाजूला घेऊन म्हणाला ते मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. "ताई, ओढ्याकडे मादी आहे. पिल्लं असावीत. तिकडे सध्या जाऊ देऊ नका कुणाला." मी शेठना सांगितलं. शेठ म्हणाले, "बघू." दत्ताला सांगितलं. तो म्हणाला, "मी वरडतोय ना!"

*

पोपटाचा किस्सा राहिलाच. विलायतेच्या लॉजमध्ये एक पोपट होता म्हणून शेठनी तसाच आणला. राखाडी, लाल शेपटीचा. हिरव्या पोपटांसारखा विठू-विठू करणारा नव्हे. हा ज्याचा आवाज ऐकेल, त्या माणसासारखाच बोलायचा. महिनाभरात शेठ झाला!

"सावंत, चाय!" व्हरांड्यातून हाक यायची. सावंत धावत चहा घेऊन यायचे. शेठ नसायचेच. पोपट मान तिरकी करून बघायचा. सावंतांनी एकदा तर पिंजऱ्यासमोर उभं राहून पगारवाढीची गोष्ट काढली होती, असं मामा सांगतात. खरंखोटं मामाच जाणोत.

एका सकाळी पिंजऱ्याचं दार उघडं राहिलं आणि पोपट उडाला. संध्याकाळी कुंपणाजवळ राखाडी पिसांचा खच सापडला. शिकरा ससाण्याने धरला, असं सगळ्यांनी ठरवलं. सावंतांचे डोळे भरून आले. मी म्हटलं, जाऊ दे, सुटला बिचारा.

ती पिसं पारव्याची असू शकतात, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

*

थंडीतली सकाळ होती. कुठल्याशा कंपनीचे पाहुणे आले होते. हाका सुरू झाला, तशा आरोळ्या उठल्या. मी पीठ मळत होते आणि कान बाहेर होते. "हो हो हो हाऽऽय!" दत्ता. बरं. थोड्या वेळाने परत, जरा लांबून. बरं.

आवाज ओढ्याशी पोचला. मी खिडकीतून ओरडले, "भाकर टाकू काऽऽ?"

उत्तर आलं, "हो हो हो हाऽऽय!"

मला वाटलं ऐकू गेलं नसेल. परत विचारलं. परत तीच आरोळी.

रांग वर आली. पहिले काळूराममामा बाहेर आले, मग बाकीचे. दत्ता नाही. "मागे हाय," मामा म्हणाले, "वरडतोय की." खरंच, ओढ्याकडून आरोळी येत होती. सावंत म्हणाले, "आवाज येतोय म्हणजे ठीक आहेत." सगळे चहाला बसले. आमचा नियमच तो! जो ओरडतो तो बरा.

पण आवाज पुढे सरकत नव्हता. एकाच जागेवरून येत होता. हाक्यात एका जागी उभं राहून कोण ओरडतं?

मी पिठाच्या हातांनी तशीच धावले. गवताच्या कडेने ओढ्याच्या जितकं जवळ जाता येईल तितकी गेले आणि घसा फोडून ओरडले, "दत्ताऽऽ! भाकर टाकू काऽऽ?"

"हो हो हो हाऽऽय!"

"दत्ताऽऽ! भाकर टाकू काऽऽ?"

"हो हो हो हाऽऽय!"

किती वेळा ओरडले ते आठवत नाही. एकदाही 'टाक' आलं नाही. वळून बघितलं तर सगळे कप हातात घेऊन माझ्यामागे येऊन उभे होते. मी म्हटलं, "ते दत्ता नाहीत."

कुणी हसलं नाही. मामांनी कप खाली ठेवला.

मग डबे, पराती, शेठच्या गाडीचा हॉर्न, जे हाताला लागेल ते वाजवत आम्ही सगळे आत शिरलो. मीसुद्धा! परात आणि लाटणं घेऊन. गवतात शिरायला मला भीती वाटली का, असं लोक विचारतात. वाटली. पण मागे राहायची त्याहून जास्त वाटली.

ओढ्याकाठी मोठा उंबर आहे. त्याच्या बुंध्याला पाठ टेकून दत्ता उभा होता. दोन्ही तळहात तोंडावर घट्ट दाबून. डोळे उघडे. समोर, दोन माणसं झोपतील एवढ्या जागेतलं गवत दबलेलं. आमच्या आवाजाने पलीकडचं गवत चिरत काहीतरी निघून गेलं. ते मी पाहिलं नाही, पाहायचंही नव्हतं.

मी त्याचे हात धरून खाली ओढले. ते निघता निघेनात.

"ती वर बघत व्हती," दत्ता म्हणाला. आवाज नव्हताच, नुसता श्वास. "मी हिते खाली उभा, आन् ती वर बघत व्हती. माझा आवाज वरनं येत व्हता."

आम्ही वर बघितलं. फांदीवर राखाडी अंग, लाल शेपटी. त्याने मान तिरकी केली, सावंतांना ओळखलं आणि म्हणाला, "सावंत, चाय!"

"हो शेठ," सावंत म्हणाले.

*

दत्ता काही दिवस किचनमध्ये बसला. लसूण सोलायचा. बोलायचा नाही. तो गप्प बसलेला मी पहिल्यांदा पाहिला आणि मला ते मुळीच सहन होईना. पोपटाला पकडायला जाळी लावली, पेरू ठेवले. पेरू गेले, पोपट नाही आला. मग दत्ताचं बोलणं परत सुरू झालं, आणि बोलणं सुरू झालं तसं त्याचं गवताकडे बघणंही. "ती पिल्लं घेऊन डोंगरात गेली असंल," असं मामाही म्हणायला लागले. मी भांडले, रडले, अबोला धरला. गेलाच!

पण या वेळी नियम मी केला. आरोळीवर आता कुणी विश्वास ठेवायचा नाही. काही झालं, वाट चुकली, भीती वाटली, तर उभं राहायचं आणि माझ्या हाकेची वाट बघायची. मी विचारलं की उत्तर द्यायचं आणि माझ्या आवाजाच्या दिशेने सरळ चालत यायचं. दत्ताने माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. मामांनाही नियम पटला. सावंतांनी तो कागदावर छापून शेडमध्ये लावला.

परवा हाका चालू होता, रांग ओढ्यापासून वळून वर निघाली होती. माझा तवा नीट तापला नव्हता, म्हणून मी थांबले होते. भाकरी थापून हातावर घेतलेली. खिडकीतून माळ दिसत होता.

ओढ्याकडून, खोल गवतातून, हाक आली, "दत्ताऽऽ! भाकर टाकू काऽऽ?"

"टाऽऽक!" दत्ता ओरडला, अगदी खुशीत. "आलो, आलोऽऽ!" आणि गवत ओढ्याच्या दिशेने हलायला लागलं.

मी तर अजून तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.